बूच

पलूसच्या वाइनरीत पहिल्या दिवशी
कुडचे मॅडम म्हणाल्या, आधी ग्लास धरायला शिका.
दांडीला धरायचा, पोटाला नाही,
हाताची ऊब लागली की वाइन आळसावते.
मी सांगलीची, चहाचा पेला दोन्ही तळव्यांत घेणारी.
बोटं कुठं ठेवायची तेच कळेना.

आम्ही सातजण. मिरजेचा तौफिक, हॉटेलात वेटर,
तासगावचे दोघं भाऊ, बेदाण्याच्या शेडवरचे,
बाकी पोरंसोरं, नुकती कॉलेजातून सुटलेली.
सगळ्यांत थोराड मी, एकेचाळीस वर्षांची.
घरी सांगून आलेले, काउंटरचं ट्रेनिंग आहे.
खोटं नव्हतं.
कसलं काउंटर, तेवढं सांगायचं राहिलं.

मॅडमनी एक घड फिरवला:
बारके मणी, जाड साल, आत दोन-दोन बिया.
थोरला तासगावकर हसलाच,
असला माल आला तर आम्ही गाडी परत लावतो.
मॅडम म्हणाल्या, बी चावा.
चावली. जीभ आखडली, हिरड्या खरखरीत,
अर्धकच्च्या जांभळानं होतात तशा.
ह्याला टॅनिन म्हणायचं.
मी वहीत लिहिलं, तुरट.
टॅनिन त्याच्याखाली, बारीक अक्षरात.

मग बघा, हुंगा, फिरवा, परत हुंगा,
घोट तोंडात खेळवा आणि थुंका.
थुंकायला स्टीलची बादली, आमच्याकडं दुधाला असते तसली.
मॅडम नेमक्या थुंकतात, शिंतोडा नाही.
म्हणाल्या, जैनाची मी. अठरा वर्षं झाली,
घशाखाली थेंब गेला नाही.
चातुर्मासात तर नाकावरच भागवते.

वासांचा तक्ता मिळाला, गोल, रंगीत,
ब्लॅकबेरी, चेरी, देवदार, चामडं.
पोरांनी भराभर लिहिलं.
मला ब्लॅकबेरी ठाऊक होता, तो फोन.
मी नाक घातलं नि लिहिलं, दंडोबावरची करवंदं.
दुसऱ्यात, हळदीच्या पेवाचं तोंड उघडल्यावर येतो तो.
तिसऱ्यात, नवं दप्तर.
तक्त्यात दप्तर नव्हतं.
मॅडमनी चामड्याच्या घरावर बोट ठेवलं,
पत्ता वेगळा, माणूस तोच.

चौथ्या बाटलीचं बूच निघालं.
ग्लास फिरला. तौफिक म्हणाला, माती.
धाकटा म्हणाला, जुनं लाकूड, भारी आहे.
सगळ्यांच्या माना डोलत होत्या.
ग्लास माझ्याकडं आला
आणि मी गणपती पेठेत उभी होते,

पाणी उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी.
शटर दोघांनी मिळून उचललेलं, मी आणि आण्णांनी.
शंभरपानी, दोनशेपानी, चौरेघी, आलेखाच्या,
खोक्याला हात लावला की खोकं खाली बसायचं,
पिठल्यासारखं.
आण्णा काही बोलले नाहीत.
एक वही उचलली,
पिळली.

पुठ्ठा, मी म्हणाले. ओला पुठ्ठा.
ही बाटली बिघडलीय.

पोरं हसली. मॅडमनी ग्लास ओढून घेतला,
एकदाच हुंगला. थुंकायची वेळच आली नाही.
बूच बाधलंय, म्हणाल्या,
त्यातली बुरशी फळाचा वास खाऊन टाकते.
मला ओळखायला तीन वर्षं लागली होती.
तुम्हाला कुणी शिकवलं?

कृष्णेनं, म्हणता आलं असतं,
पण ते सत्काराच्या भाषणासारखं वाटलं असतं.
म्हणाले, वह्यांचं दुकान होतं आमचं.

बाटली बादलीत उपडी झाली. बराच वेळ गुळगुळत होती.

परतीच्या एसटीत वसगडे गेलं, नांद्रे गेलं,
ओढणीच्या टोकाला करवंदांचा वास,
शेजारची बाई दोनदा वळून बघून गेली.
मी वही उघडली, तारखेपुढं लिहिलं,
चौथी. पुठ्ठा.
ही वही दुकानातलीच,
सगळ्यात वरच्या फळीवर होती म्हणून उरलेली.
मॅडमनी शिकवलं तशी
आधी लांबून हुंगली, मग जवळून.

काही नाही. नुसता कागद.